लाल नावाची माणसं

मराठी विकिपीडियावर 'अलीकडील बदल' नावाचं एक पान आहे. कोणी कुठल्या लेखात काय घातलं, काय खोडलं, याची यादी तिथे सतत वाहत असते. त्या यादीत काही सदस्यांची नावं निळी दिसतात, काहींची लाल. ज्याने स्वतःचं सदस्यपान केलेलं नाही त्याचं नाव लाल, आणि नवी मंडळी सहसा ते पान करत नाहीत. नावाशेजारी 'चर्चा' असा शब्द असतो, तो त्या सदस्याच्या चर्चापानाचा, म्हणजे त्याला निरोप लिहायच्या पानाचा, दुवा. तोही लाल असेल, तर त्या माणसाशी इथे अजून कोणी एक शब्दही बोललेलं नाही असं समजायचं.

जुने सदस्य यादी उघडली की आधी लाल नावं तपासतात, कारण शिवीगाळ, जाहिराती आणि 'अमुक तमुक माझी आहे' छापाची वाक्यं बहुधा तिथूनच येतात. मीही लाल नावंच आधी बघते, पण वेगळ्या कारणासाठी.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्ती जवळ आली तशी विकिपीडियावर लिहायला लागले, आणि आता स्वतः लिहिण्यापेक्षा नव्यांच्या चर्चापानांवर माझा जास्त वेळ जातो. असं होईल असं काही मी ठरवलेलं नव्हतं.

सुरुवात माहेरच्या गावापासून झाली. सातारा जिल्ह्यातलं लहानसं गाव. त्याचं पान आधीच होतं. 'महाराष्ट्र राज्यातील सातारा जिल्ह्यातील एक गाव आहे' ही एक ओळ, आणि खाली मथळे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळ्यांखाली बहुतेक ठिकाणी काहीच नाही. महाराष्ट्रातल्या गावांची अशी पानं विकिपीडियावर शेकड्यांनी आहेत. कोणी तरी साचा तयार करून ओळीने मांडून ठेवली. पुष्कळ जण याला नावं ठेवतात. मला मात्र ती रिकामी पानं नव्या माणसासाठी फार सोयीची वाटतात, त्याबद्दल पुढे सांगेन.

मी आठवडी बाजार, जत्रा आणि देवळाचा जीर्णोद्धार यांवर दोन-तीन परिच्छेद लिहिले, 'झलक पहा' करून पाहिलं, आणि धीर करून प्रकाशित केलं. दुसऱ्या दिवशी बघते तर मजकूर हललेला. बाजाराची माहिती 'नागरी सुविधा'खाली गेली होती, तालुक्याच्या नावाला दुवा आला होता, आणि जीर्णोद्धाराच्या सालापुढे बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा' असं लागलं होतं. चर्चापानावर निरोप होता. आधी ते ठरावीक स्वागत, लांबलचक, दुव्यांनी भरलेलं. ते मी वाचलं नाही, आणि आजवर ते पूर्ण वाचलेला माणूस मला भेटलेला नाही. त्याखाली मात्र एका सदस्याने स्वतः लिहिलं होतं, की बाजाराची माहिती चांगली आहे, फक्त जागा बदलली. देवळाच्या सालाला काही छापील आधार मिळेल का, गॅझेटियरमध्ये बघाल का?

गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा जुना सरकारी ग्रंथ, म्हटल्यावर ग्रंथपाल बाई उठल्याच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा खंड, एकोणिसावा, १८८५ सालचा, आमच्या संदर्भ विभागात होता आणि मुलं त्याला हात लावत नसत. त्यात देवळाबद्दल काही नव्हतं. बाजाराचा वार मात्र होता, आणि तो आमच्या आठवणीतला वार नव्हता! घरी फोन करून विचारलं तर वडीलधाऱ्यांनाही ठाऊक नाही. ते मी संदर्भासकट घातलं, आणि तेव्हापासून इथली झाले.

पुढे याचा विचार करताना लक्षात आलं, की त्या सदस्याने मला नियम सांगितलाच नव्हता. 'पडताळण्याजोगी माहिती' हे धोरण, त्याचं पान, त्याची पोटकलमं, यांतलं काहीही त्याने पुढे केलं नाही. माझं लिखाण वाचलं, जे हाताने दुरुस्त होत होतं ते मुकाट्याने केलं, आणि मला एकच काम दिलं, तेही मला जमेल असं. त्याला मी ग्रंथपाल आहे हे माहीत नव्हतं, तेव्हा गॅझेटियर सुचणं हा योगायोग. पण विचारणं हा योगायोग नव्हता. ग्रंथालयाच्या खिडकीशी आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला भिंतीवरचा नियमांचा फलक दाखवला की तो परत पुस्तक मागायला येत नाही, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलं होतं, की फरक ओळखायला वेळ लागला नाही.

मग मी हळूहळू अलीकडील बदल बघायला लागले, आणि दुसरी बाजूही दिसली. एक तरुण आला. लाल नाव. त्याने आपल्या गावच्या सरपंचांवर थेट लेख लिहिला. 'सन्माननीय', 'विकासपुरुष', 'गोरगरिबांचे कैवारी', आणि शेवटी संपर्कासाठी मोबाइल नंबर. काही मिनिटांत त्यावर पान काढण्याची सूचना लागली, सोबत उल्लेखनीयतेच्या धोरणाचा दुवा. नियमाने बरोबरच होतं. सरपंचांवर ज्ञानकोशात लेख व्हायचा तर त्यांच्याविषयी इतरांनी, स्वतंत्रपणे, नीट लिहिलेलं हवं. तसं काही नव्हतं. पण सूचना वाचून त्या मुलाने चर्चापानावर विचारलं, "तुम्ही आमच्या गावचे विरोधक आहात का?"

मला हसू आलं, आणि मग वाटलं, त्याने दुसरं काय समजावं? त्याच्या जगात एखाद्याच्या नावाचा फलक कोणी उतरवला तर त्याचा अर्थ तोच होतो. मी त्याला लिहिलं: नंबर मी आधी काढून टाकलाय, कारण इथे कोणीही तो वाचू शकतो आणि साहेबांनाच त्रास होईल. लेख टिकेल असं वाटत नाही, कारण त्यांच्याविषयी बाहेर छापून आलेलं फारसं नाही. पण तुमच्या गावाचं पान बघितलंत का? ते रिकामं आहे.

त्याने ते बघितलंच नव्हतं. बघितल्यावर तो चिडला, या वेळी पानावर. "इथे तर काहीच नाही." मग पाणीपुरवठा योजना, शाळा, गावाबाहेरची जुनी विहीर. प्रत्येक गोष्टीला कागद मागितला की तो ग्रामपंचायतीत जाऊन शोधायचा. कधी मिळायचा, कधी नाही. वेशीचा फोटो त्याने स्वतः काढून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक भांडारात, चढवला. फोटो आपण स्वतः काढलेला हवा, व्हॉट्सॲपवर आलेला चालत नाही, एवढं मात्र दोनदा सांगावं लागलं. सरपंचांचा लेख गेला तो गेलाच. मुलगा राहिला.

आता तो शेजारच्या गावांची पानं भरतो. म्हणून म्हणते, ती रिकामी पानं उपयोगाची आहेत. नव्या माणसाला नवा लेख लिहायला लावणं म्हणजे पोहायला शिकवताना आधी विहिरीत ढकलणं. नव्या लेखाला उल्लेखनीयता लागते, संदर्भ लागतात, वर्ग लागतात, तटस्थ भाषा लागते, आणि हे सगळं एकाच दिवशी. असलेल्या पानावर एक वाक्य घालायला फक्त एक वाक्य आणि एक आधार लागतो. इंग्रजी विकिपीडियाने तर २०१८पासून नव्या सदस्यांनी थेट लेख तयार करणं बंदच केलं. आधी चार दिवस आणि दहा संपादनं, मग लेख. आपल्याकडे तसं दार लावायला माझा विरोध आहे. माणसं आधीच कमी आहेत. पण आल्याबरोबर त्याला कुठल्या खोलीत न्यायचं हे तर आपल्याच हातात आहे.

इंग्रजीवाल्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. २००७ साली तिथे महिन्याला पाच किंवा जास्त संपादनं करणारे सदस्य पन्नास हजारांच्या वर होते, आणि मग वर्षानुवर्षं ती संख्या उतरत गेली. लोक म्हणत, नव्या पिढीला लिहायचंच नाही. २०१३ साली ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वेगळंच दिसलं. नव्यांच्या हेतूत काही फरक पडलेला नव्हता. चांगल्या मनाने येणाऱ्यांचं प्रमाण पूर्वीइतकंच होतं. पण उपद्रव रोखायला बसवलेली यंत्रं (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) आणि अर्धयंत्रं (माणसाने नुसती कळ दाबायची अशी साधनं) त्यांचंही लिखाण परतवून लावत होती, आणि पहिलंच लिखाण परतवलं गेलं की माणूस टिकत नव्हता. नवख्यांना चावू नका, अशा अर्थाची मार्गदर्शक सूचना तिथे फार आधीपासून होती. सूचना होती आणि चावणंही चालू होतं. २०१२मध्ये त्यांनी नव्यांसाठी 'टीहाउस' म्हणून वेगळी जागा केली, जिथे कितीही साधा प्रश्न विचारावा आणि माणसाने माणसासारखं उत्तर द्यावं. आपल्याकडे चावडी आहे, म्हणजे सगळ्या सदस्यांनी मिळून बोलायचं पान. पण चावडीवर धोरणांच्या लांब चर्चा रंगलेल्या असतात. त्यात मध्येच 'फोटो कसा टाकायचा' विचारायला नवा माणूस बिचकतो. मीही बिचकले असते.

सगळ्यात जास्त नुकसान होताना पाहिलं ते एका कार्यशाळेत. मराठी भाषा गौरव दिनाचं निमित्त, २७ फेब्रुवारीच्या आठवड्यातला दिवस, एका कॉलेजची संगणक प्रयोगशाळा. कॉलेजचं नाव सांगत नाही, आणि मी तिथे पाहुणी होते. हार-तुरे, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक. मग खाती उघडायला सुरुवात झाली आणि सहा खात्यांनंतर यंत्रणेने नकार दिला. एका इंटरनेट पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात, आणि अख्ख्या कॉलेजचा पत्ता एकच. आगाऊ विनंती केली तर ही मर्यादा त्या दिवसापुरती उठवून मिळते, पण विनंती केलीच नव्हती. मुलांनी मोबाइलचे हॉटस्पॉट चालू केले. त्यात तास गेला. उरलेल्या वेळात प्रत्येकाने एक नवा लेख 'द्यायचा' होता, कारण अहवालात आकडा लिहायचा होता. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की कॉलेजात आकड्यांना काय भाव येतो ते मी नोकरीभर पाहिलंय.

तास-दीड तासात नवा लेख देणार कसा? मुलांनी वर्तमानपत्रांच्या साइटी उघडल्या आणि उचलून चिकटवलं. संध्याकाळी अलीकडील बदलांत नव्या पानांची 'न' ही खूण ओळीने लागली होती. लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो, हे १९५७च्या कायद्याचं साधं कलम त्या प्रयोगशाळेत कोणी उच्चारलं नव्हतं. कुठे तरी आपल्या नोकरीवरून घरी आलेले दोन प्रचालक जेवण बाजूला ठेवून ती पानं काढत बसले. प्रचालक म्हणजे पानं काढण्याचा अधिकार असलेले सदस्य, पगारी माणसं नव्हेत, हे बाहेर बऱ्याच जणांना माहीत नसतं.

त्या मुलांत एकीने शेंगोळ्यांवर लिहिलं होतं. कुळथाचं पीठ कसं मळायचं, हाताने वळताना लसणाचं पाणी का लावायचं, त्यांच्या घरी ते कोणत्या दिवसांत करतात. स्वतःच्या शब्दांत, आईला फोन करून विचारून. मी शेजारीच बसले होते. रात्री सरसकट सफाईत तिच्याही लेखावर प्रताधिकारभंगाची सूचना लागली. ज्याने लावली त्याला दोष देववत नाही. चाळीसेक पानांत एक खरं असेल हे रात्री अकराला कोणाच्या लक्षात येणार? मी सांगितल्यावर सूचना लगेच निघाली. पण मुलीने ती आधीच पाहिली होती. "मॅडम, मी कॉपी नव्हतं केलं," असा तिचा निरोप आला, मी तिला सगळं समजावलं, तिने "ओके मॅडम" म्हटलं आणि पुन्हा लिहिलं नाही.

त्यानंतर कोणी कार्यशाळेला बोलावलं की मी आधी अटी सांगते. नवा लेख नाही. खाती मुलांनी आदल्या दिवशी घरून उघडून यायची. प्रत्येकाने आपापल्या गावाचं पान घ्यायचं, एक वाक्य, एक संदर्भ. टेबलावर गॅझेटियरचा खंड, २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका आणि स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणं. आणि चावडीवर आधी कळवायचं, की अमुक दिवशी ही ही नावं येतील, जरा सांभाळून घ्या. प्राचार्यांचा चेहरा पडतो. "दिवसभरात एवढंच?" असं एकांनी विचारलंही. एवढंच. पण त्यातली काही मुलं नंतर आपणहून येतात, आणि त्या आकड्यांच्या कार्यशाळेतलं कोणी आलेलं मला माहीत नाही.

शुद्धलेखनाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठी माणसाला दुसऱ्याची वेलांटी चुकलेली दिसली की हात शिवशिवतात. 'ऱ्हस्व-दीर्घ बघा', 'निदान मराठी तरी नीट लिहा', असे शेरे मी नव्यांच्या पानांवर वाचलेत. त्यात फोनवर 'ऱ्या' उमटवायचा म्हणजे आधीच कसरत, हे शेरा मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. माझा नियम साधा आहे: वेलांटी दुरुस्त करायची आणि तिचा उल्लेख कुठेही करायचा नाही, बदल जतन करताना लिहायच्या एका ओळीच्या आढाव्यातसुद्धा नाही. निरोपात फक्त मजकुराबद्दल बोलायचं.

माझा एक प्रचालक मित्र आहे, वयाने माझ्या मुलाएवढा, मला ताई म्हणतो. त्याला माझं हे सगळं लाडावणं वाटतं. "ताई, तुम्ही एकेकाला पत्र लिहिता. मी रोज औषधांच्या जाहिराती, शिव्या आणि पोरांचे वाढदिवस काढतो. मला तयार सूचनेचा साचा लावल्याशिवाय गत्यंतर नाही." हिशोबाने तो बरोबर आहे. काम करणारे मूठभर आणि येणारा कचरा अमाप. मी त्याला एवढंच म्हणते, की साचा कचऱ्याला लाव. ज्यात एक तरी खरं वाक्य आहे तिथे दोन ओळी हाताने लिही, नाही तर मला कळव, मी लिहिते. आता तो कळवतो. चर्चापानावर लिहिलेलं फोनवाल्यांच्या पटकन डोळ्यांत भरत नाही, म्हणून काहींना माझा निरोप महिन्याने दिसतो, काहींना कधीच नाही, ती गोष्ट वेगळी.

अलीकडे एक नवाच प्रकार सुरू झालाय. लाल नाव, आणि पहिलंच लिखाण एकदम गुळगुळीत. मथळे, समारोप, पाच-सहा पुस्तकांचे संदर्भ. यंत्राकडून लिहवून घेतलेलं. ग्रंथपालाची खोड म्हणून मी ती पुस्तकं शोधते, तर बऱ्याचदा ती अस्तित्वातच नसतात. मित्राचं मत, सरळ काढायचं. मजकूर काढायचाच, त्यात वाद नाही. खोटा संदर्भ ज्ञानकोशात एक दिवसही राहू नये. पण माणसाचं काय?

एका किल्ल्याच्या लेखात असाच मजकूर आला होता. मी तो काढला आणि विचारलं, "हे पुस्तक तुम्ही कुठे पाहिलंत? मला मिळत नाहीये." दोन दिवसांनी उत्तर आलं. पुस्तक पाहिलेलं नाही. पण गडावर लहानपणापासून जातो, गुरं घेऊन जायचो. "माझं मराठी तुमच्यासारखं नाही, म्हणून मोबाइलकडून लिहून घेतलं."

मी त्याला लिहिलं, तुम्ही बोलता तसं लिहा, वेलांट्या आमच्याकडे लागल्या. त्याने चार ओळी लिहिल्या. गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी किती, कुठल्या वाटेने गेलं की आधी कोणतं लागतं, आणि त्यातल्या एका टाक्यात मे महिन्यातही पाणी असतं. टाक्यांची संख्या आणि जागा यांना एका जुन्या छापील वर्णनात आधार सापडला. मे महिन्यातल्या पाण्याला नाही सापडला. ते वाक्य ज्याने लिहिलं तो दर उन्हाळ्यात तिथे पाणी प्यायलेला आहे, आणि आमच्या नियमाने त्याचं पिणं हा संदर्भ होत नाही. त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' लावावं असं मित्र म्हणतो. मी म्हणते, आधी त्याची दहा संपादनं होऊ देत, मग लाव. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.